पाठीवरचे ओझे, पायाखालचा बेसाल्ट

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एखाद्या कोपऱ्यात ताणकाटा टांगलेला असतो. सहलीला निघण्याच्या आदल्या दिवशी तो मागून घ्या आणि आपली भरलेली पाठपिशवी त्याच्या आकड्याला अडकवा. काटा कुठे थांबतो ते वहीत लिहा. मग पिशवीतील एकेक वस्तू बाहेर काढून तिचे वेगळे वजन करा. अर्ध्या तासात तुमच्या हाती एक तक्ता येईल, आणि तो वाचून तुम्हांला स्वतःलाच हसू येईल.

आमच्या महाविद्यालयातील मुलांना घेऊन मी गेली अनेक वर्षे लोणावळा आणि मावळच्या डोंगरांत हिंडतो आहे. निघण्याआधी ही तोलाई ठरलेली असते. एकदा पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याची पिशवी १३ किलो भरली. तीत दोन जाड चादरी, जीनची जादा विजार, स्टीलचा तीनपुडी डबा आणि एक लिटरची तेलाची बाटली निघाली. त्याचे स्वतःचे वजन होते ५० किलो. सर्व तपासणी होऊन पिशवी पुन्हा भरली, तेव्हा ती ७ किलोंवर आली होती, आणि गरजेची एकही वस्तू मागे राहिली नव्हती.

या लेखात आपण त्या ओझ्याचा, वाटेचा, पावसाचा आणि मुक्कामाचा हिशेब करून पाहणार आहोत. त्यासाठी शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरेसे आहे. मात्र हा हिशेब वहीत सोडवून बाजूला ठेवण्याचा नाही. कधी कधी त्यावर जीव अवलंबून असतो.

मावळची जमीन

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या कड्याला लागून मावळ तालुका आहे. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी त्याच्या खोऱ्यांची जुनी नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे, लोहगड सुमारे १०३० मीटर आणि शेजारचा विसापूर त्याहून थोडा उंच. कड्यावरून पश्चिमेला पाहिले की कोकण एकदम पाचशे-सहाशे मीटर खाली दिसते. हा सारा प्रदेश सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून बनला. पायाखाली येणारा काळा खडक तो हाच, बेसाल्ट.

तळेगाव दाभाड्याला राहणारे साहित्यिक गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांनी आयुष्यभर गडकिल्ले पालथे घातले आणि 'दुर्गभ्रमणगाथा' लिहून मराठी वाचकांना त्यांचे वेड लावले. आज शनिवार-रविवारी मळवली स्थानकावर उतरणारी तरुण मंडळी पाहिली की ते वेड किती पसरले आहे हे कळते. लोणावळा ते राजमाची ही सुमारे १५ किलोमीटरची चाल एका दिवसाची. लोणावळ्याहून कुसूरच्या पठारावरून थेट भीमाशंकरला जाणारी मंडळी साधारण तीन दिवस चालतात. चाल जसजशी लांबते तसतसे पाठीवरच्या प्रत्येक ग्रॅमला मोल येते.

ओझ्याचा हिशेब

लोणावळा, वळवण आणि शिरोटा या तलावांचे पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला नेऊन १९१५ पासून तेथे वीज तयार केली जाते. उंचावरच्या पाण्यात स्थितिज ऊर्जा असते आणि ते खाली येताना ती आपण वापरतो. आपण डोंगर चढतो तेव्हा याच्या उलट घडते. आपण अन्नातील ऊर्जा खर्च करून स्वतःला आणि आपल्या पिशवीला स्थितिज ऊर्जा देतो.

समजा, तुमचे वजन ५० किलो आणि पिशवी १० किलो आहे, आणि मळवलीहून लोहगडापर्यंतचा सुमारे ४०० मीटरचा चढ तुम्ही चढलात. मग वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे ६० × ९.८ × ४०० = २,३५,२०० ज्यूल. आहारशास्त्रातील किलोकॅलरीत हे जेमतेम ५६ होतात. पण आपले स्नायू हे काही फार कार्यक्षम इंजिन नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश भागच ते कामात बदलू शकतात. एक पंचमांश धरला तर सुमारे २८० किलोकॅलरी लागतील. म्हणजे जवळजवळ तीन पोळ्या! त्यांत १० किलोच्या पिशवीचा वाटा केवळ ४७ किलोकॅलरी, म्हणजे अर्धी पोळी.

मग तुम्ही विचाराल, अर्धी पोळी जास्त खाल्ली की झाले, ओझ्याचे एवढे कौतुक कशाला? याला तीन उत्तरे आहेत.

पहिले असे की हृदय आणि फुप्फुसे दर सेकंदाला किती ऊर्जा पुरवू शकतील याला मर्यादा आहे. त्यामुळे ओझे वाढले की वेग कमी होतो किंवा दम लागतो.

दुसरे उत्तर सपाट वाटेवर सापडते. चालताना प्रत्येक पावलाला आपले शरीर सुमारे ४ सेंटीमीटर वर जाते आणि पुन्हा खाली येते. ६० सेंटीमीटरचे पाऊल धरले तर १५ किलोमीटरला २५,००० पावले होतात. म्हणजे राजमाचीच्या वाटेवर पिशवी एकूण १००० मीटर उचलली जाते! यातील बरीचशी ऊर्जा लंबकाच्या झोक्याप्रमाणे परत मिळते हे खरे, पण सगळी नाही.

तिसरे उत्तर पायांत आहे. पाऊल दर खेपेला थांबते आणि पुन्हा गती घेते, म्हणून पायांतील वजन फार महाग पडते. प्रयोगांत असे दिसले आहे की पायांत एक किलो घालणे हे पाठीवर चार ते सहा किलो घेतल्यासारखे आहे. बूट प्रत्येकी २०० ग्रॅम जड असेल तर १२,५०० पावलांत एकेका पायाने अडीच टन वजन जास्तीचे उचललेले असते. दणकट पण हलके आणि खालून चांगली पकड असलेले बूट निवडावेत ते यासाठी.

साधा दंडक असा : एक-दोन दिवसांच्या चालीत पिशवी स्वतःच्या वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाहून जड असू नये.

हलके ओझे ही काही आजची कल्पना नाही. आळंदीहून पंढरपूरला तीन आठवडे चालणारा वारकरी खांद्यावर किती थोडे घेतो ते पाहा. इंग्लंडमध्ये टॉमस हिराम होल्डिंग नावाच्या शिंप्याने हलके तंबू आणि हलके सामान घेऊन सायकलवरून भटकण्याची प्रथा रुजवली आणि १९०८ मध्ये त्यावर एक ग्रंथच लिहिला. अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजीबाई ॲपलाचियन डोंगरांतील तीन हजारांहून अधिक किलोमीटरची वाट १४६ दिवसांत एकट्या चालल्या. त्यांच्याकडे तंबू नव्हता. घरी शिवलेली एक झोळी, पांघरूण आणि पावसासाठी न्हाणीघरातील प्लॅस्टिकचा पडदा एवढेच त्यांचे सामान.

पण हलके करण्याच्या भरात काही वस्तू कमी करायच्या नसतात : पाणी, विजेरी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, मीठ-साखर, एका जेवणापुरते जादा खाणे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले कोरड्या कपड्यांचे एक जोड. स्टोव्ह, पातेले आणि दोरी या चौघांत एकच पुरतात. ते वाटून घ्यावेत.

वाट किती तासांची?

गावात वाट विचारली की "हे काय, इथंच!" असे उत्तर मिळते. नकाशावरून वेळ काढण्याचा एक नियम स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितला. मेट्रिक मापांत तो साधारण असा : दर ५ किलोमीटरना एक तास, आणि शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. कोकणातून राजमाचीवर यायचे झाले तर सुमारे ६०० मीटरचा चढ आहे. म्हणजे अंतराचा वेळ कितीही असो, त्यात एक तास मिळवलाच पाहिजे.

नेस्मिथ यांचा नियम तरबेज माणसासाठी आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. विद्यार्थ्यांचा गट असेल तर मी आलेल्या उत्तराला दीडने गुणतो. मग सूर्यास्ताची वेळ पाहतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यातून परतीचे तास आणि वर एक तास वजा केला की जी वेळ येते ती 'मागे फिरण्याची वेळ'. ती कागदावर लिहून सर्वांना सांगायची. गडाचा दरवाजा दहा मिनिटांवर दिसत असला तरी ती वेळ झाली की मागे फिरायचे.

उतरताना तीच दोन लाख ज्यूल ऊर्जा गुडघ्यांना आणि मांड्यांना शोषून घ्यावी लागते. बहुतेक पाय उतरतानाच मुरगळतात. हातात बांबूची काठी असेल तर भार तीन ठिकाणी वाटला जातो.

भिजलेला सदरा

वर आपण पाहिले की स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा चार पंचमांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ४०० मीटरचा चढ तासाभरात चढलात तर ही उष्णता सुमारे ९४० किलोज्यूल होते. ती घामाने बाहेर टाकायची. एक लिटर घामाचे बाष्पीभवन व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. म्हणजे तासाला जवळजवळ ४०० मिलिलिटर घाम नुसता वाळला पाहिजे; ओघळून गेला त्याचा उपयोग नाही. एप्रिल-मे महिन्यांत पाणी भरपूर घ्यावे लागते त्याचे कारण हेच.

पावसाळ्यात चित्र बदलते. हवेत आधीच इतकी बाष्प असते की घाम वाळत नाही. वर प्लॅस्टिकचा रेनकोट घातला की आतला घाम आतच राहतो. बाहेरून पावसाने आणि आतून घामाने सुती सदरा चिंब होतो. चालत असेपर्यंत काही वाटत नाही. मग मंडळी कड्यावर वारा खात बसतात, आणि खरा धोका तेथे सुरू होतो.

समजा, कपड्यांत अर्धा लिटर पाणी आहे. दरीतून वर येणारी २० अंशांची ओली हवा अंगाला लागून तापते आणि तापलेल्या हवेत आणखी बाष्प मावते. पाणी वाळू लागते आणि त्यासाठी लागणारी १२०० किलोज्यूल उष्णता मुख्यतः तुमच्या अंगातून जाते. ५० किलोच्या शरीराचे तापमान एक अंशाने उतरायला सुमारे १७५ किलोज्यूल जावे लागतात. म्हणजे सगळी उष्णता अंगातूनच गेली आणि शरीराने नवी तयार केली नाही, तर तापमान सुमारे ७ अंशांनी उतरेल! शरीर नवी उष्णता तयार करत असते, पण स्वस्थ बसलेला माणूस तासाला ३०० किलोज्यूलच्या आतच करतो. थकलेला, उपाशी आणि वाऱ्यात बसलेला मुलगा ही शर्यत हरू शकतो. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी हिमालयच लागतो असे नाही.

अनावर कापरे भरणे, बोलताना जीभ अडखळणे, पाय धडपडणे आणि विचित्र हट्ट करणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, डोक्यासह पांघरावे, आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा. अंग जोराने चोळू नये.

आता मावळातल्या शेतकऱ्याकडे पाहा. भातलावणीच्या वेळी तो बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले डोक्यावरून पाठीवर घेतो. इरले अंगाला चिकटत नाही. वरून पाऊस ओघळून जातो आणि खालून वारा खेळतो, म्हणून आतला घाम वाळतो. धनगराच्या घोंगडीचेही असेच. लोकरीचे तंतू कुरळे असल्यामुळे ओले झाले तरी त्यांत हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. सुती कापड ओले झाले की अंगाला चिकटते आणि हवेची जागा पाणी घेते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून अधिक आहे. पावसाळी चालीला जीनची विजार का नको, ते यावरून समजेल.

ओढ्याचे पाणी

लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्याला सुमारे ७०० मिलिमीटर. समुद्रावरून आलेले वारे कड्याला आदळून वर चढतात, प्रसरण पावतात, थंड होतात आणि बाष्प सोडून देतात. डोंगरमाथ्यावर माती पातळ आणि खाली अखंड बेसाल्ट. पाणी मुरायला जागाच नाही. त्यामुळे वर तासभर जोराची सर आली की खालचा ओढा काही मिनिटांत फुगतो. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही!

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुडघ्याएवढ्या, म्हणजे अर्धा मीटर खोल पाण्यात दोन पाय रोवून उभे राहिलात तर पाण्यासमोर सुमारे ०.१२ चौरस मीटर क्षेत्र येते. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर जोर साधारण ६ किलो वजनाइतका. वेग २ मीटर झाला की २४ किलो, ३ मीटर झाला की ५४ किलो!

तुम्हांला उभे ठेवते ते तळव्याखालचे घर्षण. ५० किलोच्या मुलाच्या पायांवर पाण्याचे प्लावक बल लागून सुमारे १० किलो भार कमी होतो. उरलेल्या ४० किलोंना ओल्या खडकावर ०.४ घर्षण गुणांक धरला तर घर्षण १६ किलोंचे. शेवाळ असेल तर गुणांक ०.२ किंवा त्याहून कमी, म्हणजे ८ किलो. २४ किलोंच्या रेट्यापुढे ते कसे टिकणार? आणि पुढचे पाऊल उचलताना तर तुम्ही एकाच पायावर असता. पाणी गुडघ्याएवढेच तर आहे, असे म्हणणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि मृत्यू पावले. पाणी अचानक वाढले, आणि ते प्रवाहाच्या मध्यभागी अडकले होते.

एका ऑगस्टमध्ये राजमाचीहून लोणावळ्याला परतताना आमच्या वाटेत असाच ओढा आडवा आला. सकाळी पाणी घोट्याएवढे होते. आता ते गुडघ्यावर आणि गढूळ झाले होते. काठावर दहा पावलांवर दोन खुणा केल्या आणि वरच्या खुणेशी एक वाळके पान टाकले. सहा मीटर अंतर पानाने तीन सेकंदांत कापले. वेग सेकंदाला दोन मीटर. मी सर्वांना मागे बसायला सांगितले.

मुले नाराज झाली. पुण्याची लोकल चुकणार होती आणि कोणाच्याही फोनला रेंज नव्हती. "सर, दोरी बांधून एकेक जण जाऊ या ना," दोघेतिघे म्हणाले. पण प्रवाहात दोरी बांधलेला माणूस पडला तर पाणी त्याला खाली दाबून धरते, आणि दोरी सोडवणे कठीण होते. तेवढ्यात इरले घेतलेले गावातील एक मामा गुरे घेऊन आले. तेही काठावर थांबले. म्हणाले, "पोरांना बसवा सर. डोंगराचं पानी जसं चढतं तसंच उतरतं."

मामांचे म्हणणे पदार्थविज्ञानाला धरून होते. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान असले की पाणी लवकर चढते, आणि पाऊस थांबल्यावर तितक्याच लवकर उतरते. आम्ही पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी नवा दगड ठेवत गेलो. पहिले तीन दगड काठाकडे सरकले, म्हणजे पाणी अजून चढत होते. मग दगड आत सरकू लागले. तीन तासांनी पाणी घोट्यावर आले आणि आम्ही पार झालो. घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले, आणि दोन पालकांचे बोल मला ऐकून घ्यावे लागले. मी ते शांतपणे ऐकले. त्यांची मुले त्यांच्या शेजारी उभी होती.

रात्रीचा मुक्काम

लोहगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे रात्र काढायची नसते. मुक्काम पायथ्याच्या गावात करावा. राजमाचीला उधेवाडीत लोक घरी उतरवून घेतात. उघड्या माळावर तंबू ठोकायचा असेल तर आधी गावकऱ्यांची परवानगी घ्यावी.

रात्री थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नाही, आणि उष्णता वहनाने थेट जमिनीत जाते. एक सेंटीमीटर जाडीची फोमची चटई घातली तर, जमीन अंगापेक्षा १५ अंशांनी थंड असताना, सेकंदाला सुमारे २४ ज्यूल उष्णता खाली जाते. झोपलेले शरीर सेकंदाला ७० ते ८० ज्यूल निर्माण करते, म्हणजे हा तोटा सोसण्यासारखा आहे. चटईविना तो कितीतरी वाढतो. फोमची चटई पाव-अर्ध्या किलोची असते. दुसऱ्या चादरीपेक्षा ती अधिक कामाची. गावात भाताचा पेंढा मिळाला तर त्याहून उत्तम गादी नाही.

हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन प्रारणाने उष्णता गमावते. तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होऊन उताराने खोलगट जागेत साचते. म्हणून तंबू तळ्याच्या काठी किंवा दरीच्या तळाशी न ठोकता थोडा उंचावर ठोकावा. झोपेत एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडते. तंबू सगळीकडून बंद केला तर तेच पाणी थंड कापडावर दव होऊन पहाटे अंगावर ठिबकते. झडप थोडी उघडी ठेवावी. आणि बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी कधीही पेटवू नये. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही.

स्वयंपाकातही पदार्थविज्ञान आहेच. उंची दर ३०० मीटरनी वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. ९०० मीटरवर पाणी ९७ अंशांनाच उकळते, म्हणून भात आणि डाळ शिजायला वेळ लागतो. डाळ-तांदूळ आधी भिजवले, पातेल्यावर झाकण ठेवले आणि स्टोव्हला वाऱ्यापासून आडोसा केला तर इंधन निम्म्याने वाचते. वाचलेले इंधन म्हणजे पाठीवरचे वाचलेले ओझे.

वीज, धुके आणि होकायंत्र

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे वळवाच्या व परतीच्या पावसाचे, म्हणून विजांचेही महिने. वीज दिसताच सेकंद मोजायला लागा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर माथा, विंचूकाट्यासारखी उघडी सोंड, एकटे झाड आणि लोखंडी कठडे ताबडतोब सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नका.

धुक्यात वाट हरवते तेव्हा आजचा विद्यार्थी फोन काढतो. नकाशा आधीच उतरवून घेतलेला असेल तर रेंज नसतानाही तो चालतो. पण बॅटरी संपली की तो नुसता दगड. म्हणून होकायंत्र असावे. मात्र ते खडकावर ठेवून वाचू नये. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, आणि माथ्यावरच्या ज्या खडकांवर वीज पडलेली असते ते तर चांगलेच चुंबकित झालेले असतात. खडकाजवळ नेले की सुई वळते. छातीशी धरून वाचा, चार पावले सरकून पुन्हा वाचा, आणि दोन्ही वेळा एकच दिशा आली तरच विश्वास ठेवा. दख्खनच्या बेसाल्टमधील याच गोठलेल्या चुंबकत्वावरून भारत एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता हे १९५० च्या दशकातील संशोधकांना समजले, हे जाता जाता सांगायला हवे.

वाट सापडत नसेल तर गट एकत्र ठेवून शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे यावे. खाली काहीतरी गाव असेलच असे म्हणून ओढ्याच्या पात्रात उतरू नये; सह्याद्रीचे ओढे कड्यावर संपतात. संकटात ११२ क्रमांकावर फोन करावा. लोणावळ्यातील 'शिवदुर्ग मित्र' या संस्थेचे स्वयंसेवक असे अडकलेले लोक सोडवण्याचे काम करतात. ते येईपर्यंत एका जागी थांबून मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवणे हे तुमचे काम.

करून पाहा

१. शंभर मीटर अंतर मोजून स्वतःच्या पावलाची लांबी काढा. आधी रिकाम्या पाठीने आणि मग पाच किलो घेऊन चाला. पाऊल आणि नाडीचे ठोके यांत काय फरक पडला?

२. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले सुती कापड आणि दुसऱ्याच्या फुग्याला ओली लोकर गुंडाळा. पंख्यासमोर ठेवून दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा.

३. शाळेजवळच्या पुलावर सुरक्षित उभे राहून पावसाळ्यात पाण्याचा वेग पान टाकून मोजा. वरच्या रीतीने त्याचा जोर काढा.

४. पुढच्या सहलीचा नकाशा घेऊन नेस्मिथ यांच्या नियमाने वेळ काढा, तिला दीडने गुणा, आणि मागे फिरण्याची वेळ ठरवा. ती फळ्यावर लिहा, आणि सहलीच्या दिवशी प्रत्येकाच्या खिशात तिची एक चिठ्ठी असू द्या. शिक्षकांच्या खिशातसुद्धा.